राजीखुशीची नांगी

"मॅडम, केकडा मरता नहीं. फिर प्रॉब्लेम क्या है?"

आमचे मालक सालेमसाहेब हे वाक्य त्या सकाळी तिसऱ्यांदा म्हणाले. कंपनीत सगळे त्यांना अर्बाब म्हणतात. अर्बाब म्हणजे मालक. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बिनधास्त आहे आणि आवाजही मोठा आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना मी आधी पाणी पिऊन घेते. माझं हिंदी मी इथे मराठीतच लिहिते.

"अर्बाब, मरत नाही हे कुणी बघितलंय?" मी विचारलं.

"इंटरनेट पे है."

"तो इंटरनेटवरचा खेकडा. आपला खाडीतला आहे."

मस्कतजवळच्या रुसैलमधल्या एका मासळी प्रोसेसिंग कंपनीत मी क्वालिटी बघते. आलेला मासा ताजा आहे का, वाटेत कुठे बर्फ कमी पडला नाही ना, आणि लेबलवर जे लिहिलंय तेच डब्यात आहे का, हे तपासायचं आणि खाली सही करायची. माझं माहेर पुण्याचं, सासर सांगलीचं. दोन्ही घरांत खेकडा आला तो फक्त राशीभविष्यात. मासा मी वासावरून, डोळ्यांवरून आणि थर्मामीटरवरून ओळखते. चवीवरून नाही. इतकी वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

प्रकरण असं होतं. मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलात आंद्रे नावाचे नवे शेफ आले होते. त्यांना मेनूवर फक्त खेकड्याच्या नांग्या हव्या होत्या. काही देशांत म्हणे तसा रिवाजच आहे. खेकडा पकडायचा, नांगी मोडून घ्यायची आणि खेकडा जिवंत समुद्रात सोडून द्यायचा. काही महिन्यांनी त्याला नवी नांगी फुटते. जीव घ्यावा लागत नाही, म्हणून हे चांगलं, असं एक पक्ष म्हणतो. बिनहाताचं जनावर सोडून देणं ही कसली दया, असं दुसरा म्हणतो. आंद्रेंनी पहिल्या पक्षाचं ऐकलं होतं आणि तिथेच थांबले होते. मेनूवर छापायचं वाक्य त्यांनी तयार करून पाठवलं होतं: 'हा खेकडा कोणतीही इजा न होता समुद्रात परत गेला आहे.' त्याखाली पुरवठा करणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी मॅनेजरची सही हवी होती. म्हणजे माझी.

अर्बाबनी होकार कळवून टाकला होता. नांग्या उकडायचं मशीनही आलं होतं. ते हॉलमध्ये प्लास्टिकच्या वेष्टनात उभं होतं आणि त्याच्याजवळून जाताना अर्बाब त्याला हलकेच थोपटायचे.

"मॅडम, तुम साइन नहीं करेगा तो मैं बाहर से कन्सल्टंट लाएगा. वो करेगा," ते म्हणाले. "फिर तुमको काम क्या?"

हे ते रागानं म्हणाले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. माझा व्हिसा कंपनीवर, नवऱ्याचा व्हिसा माझ्यावर आणि मुलाचं कॉलेज आम्हा दोघांवर. नवरा निवृत्त होऊन अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत कढीपत्ता वाढवतो. त्या कढीपत्त्याचं भवितव्यसुद्धा माझ्या सहीवर होतं.

"मला आधी करून बघू द्या," मी म्हटलं. "शेफ प्लांट बघायला येणार आहेत ना? तोपर्यंत. खरंच इजा होत नसेल तर डोळे मिटून सही करते."

अर्बाबनी मशीनकडे बघितलं. "यल्ला, चलो," ते म्हणाले. "लेकिन जल्दी."

खेकडे आणायचं काम हनीफभाईंचं. हनीफभाई मूळचे रत्नागिरीचे. त्यांचा खरेदीचा धंदा आहे, दोन पिकअप आहेत आणि प्रत्येक विषयावर मत आहे. प्रयोगाचं ऐकल्यावर त्यांनी कानाला हात लावला.

"मॅडम, कुर्ली खायाची तर पुरी खावा. नायतर सोडून द्या. जित्या जनावराचा हात मोडायचा नि त्याला सांगायचा, जा आता, मजा कर? ह्यो काय धरम हाय?"

मला भरून आलं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचा होता.

"आणि दुसरी गोष्ट," हनीफभाई आवाज खाली आणून म्हणाले, "नुसत्या नांग्यांचा वजन भरणार किती? मला पैसे वजनावर मिळतात ना."

नीतीचा मुद्दा आधी आला, वजनाचा नंतर. हाही क्रम मी पुष्कळ बघितलाय.

टाकीची जबाबदारी सावंतांवर. सावंत आमचे मेंटेनन्सचे प्रमुख, डोंबिवलीचे. मस्कतच्या मराठी मंडळाचे ते माजी सेक्रेटरी आहेत, आणि 'माजी' कसे झाले ते कुणालाही थांबवून सांगतात. खेकडे येणार हे कळल्याबरोबर त्यांनी मला तो विनोद सांगितला. वाचकहो, तुम्हाला माहीत असलेलाच. मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात. गेली वीस वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक कोजागिरीला मी हा ऐकते आहे. सांगणारा माणूस नेहमी नुकताच कुठल्यातरी कमिटीतून पडलेला असतो.

"तरी झाकण लावा," मी म्हटलं.

मत्स्यखात्याची परवानगी काढली, खेकडे आले. मोठे, हिरवट काळे, तळहातात न मावणारे. मी टाकीचे तीन कप्पे केले. एकात पूर्ण खेकडे, दुसऱ्यात एक नांगी काढलेले, तिसऱ्यात दोन्ही काढलेले. हिशेब साधा होता. पूर्ण खेकडेही मरायला लागले तर दोष आमच्या टाकीचा. नाहीतर नांगी मोडण्याचा.

नांगी मोडण्याचीही रीत असते. खेकड्याच्या नांगीला मुळाशी एक ठरलेला सांधा असतो. संकटात सापडला की खेकडा स्वतःच तिथून नांगी सोडून देतो आणि पळतो. पालीच्या शेपटीसारखं. तिथे आतून पडदा असतो, त्यामुळे जखम लगेच बंद होते. माणसानं मोडताना बरोबर त्याच जागी मोडली तर खेकड्याला जगायची संधी असते. जरा इकडेतिकडे झालं, अंगाचा लचका निघाला, की तो रक्त जाऊन मरतो. खेकड्याचं रक्त लाल नसतं, फिकट निळसर असतं. त्यामुळे बघणाऱ्याला काही झालंय असं वाटतच नाही. या धंद्याच्या ते फार सोयीचं आहे.

मोडायचं काम हनीफभाईंनी केलं. त्यांचा हात बसलेला होता, तरी दर वेळी ते तोंड फिरवून घेत होते. मी शेजारी उभी राहून सांधे तपासत होते. त्या दिवशी मला डबा गेला नाही. डब्यात दुधी होता.

काढलेल्या नांग्या उकडल्या. आता चव बघायला माणूस हवा. मी शाकाहारी. सावंतांचा श्रावण. हनीफभाई म्हणाले, मी मोडल्या तेवढा पुरे झाला, खाणार नाय. शेवटी अर्बाबना बोलावलं. त्यांनी एक नांगी फोडली, खाल्ली, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, "अच्छा है. लेकिन बाकी केकडा किधर है?" म्हणजे नुसत्या नांगीनं पोट भरत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं. पण त्यांनी जाऊन मशीनला एकदा थोपटलं.

पुढचे दिवस मी टाकीपाशी काढले. पूर्ण खेकडे मजेत होते. एक नांगीवाले दोन दिवस कोपऱ्यात रुसून बसले, मग खायला लागले. त्यांच्यातला एक तर भलताच तापट निघाला. कुणीही जवळ गेलं की उरलेली नांगी उगारून पुढे यायचा. सावंतांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. कुठल्या साहेबावरून, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या कप्प्याची गोष्ट वेगळी होती. दोन्ही नांग्या गेलेले एकेक करून मरायला लागले. सांधे बरोबर मोडलेले होते, मी स्वतः बघितले होते. तरी निम्म्याहून जास्त गेले. जे उरले ते समोर टाकलेल्या माशाभोवती नुसते फिरायचे. नांगी हे खेकड्याचं हत्यार असतं हे आपल्याला माहीत असतं. तीच त्याचा चमचा, सुरी आणि अडकित्ताही असते, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

म्हणून मी त्यांना भरवायला लागले. पेडवे मासे बारीक कापायचे, चिमट्यात एक तुकडा धरायचा आणि खेकड्याच्या तोंडाशी न्यायचा. घरात अंडं न आणणारी बाई सकाळ संध्याकाळ माशाचे तुकडे करत होती. खेकडे काही पटकन तोंड लावत नव्हते. आणि एकदा माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हा घास चिऊचा." मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. "हा घास काऊचा," मी हळूच म्हटलं. खेकड्यानं खाल्लं. त्यानंतर मी लाजायचं सोडून दिलं.

शेफ यायच्या दिवशी मी लवकर पोचले. टाकीवर झाकण नव्हतं. तिसरा कप्पा रिकामा होता. दुसऱ्यातून साहेब गायब होता.

"सावंत!"

सावंत हात पुसत आले. "काय झालं मॅडम?"

"झाकण कुठंय?"

"पुसायला काढलं. चरे पडले होते, शेफच्या फोटोत दिसले असते. मग म्हटलं, राहू दे. खेकडे आहेत ना. झाकण लागतंय कुठे?"

माणूस चेष्टा करत नव्हता. वीस वर्षं तो विनोद सांगून सांगून त्याचा त्यावर विश्वास बसला होता.

"अहो सावंत, ओढायला नांग्या लागतात! त्या आपण काढल्यात ना!"

सावंतांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडताना मी बघितला. "म्हणजे..." ते सावकाश म्हणाले, "नांग्या नसल्या की कुणी कुणाला ओढत नाही. एकेक करून सगळे वर जातात."

"हे मंडळात सांगा. आता आधी शोधा."

फूड प्लांटमध्ये जिवंत जनावर मोकळं फिरणं म्हणजे क्वालिटीवाल्याला दरदरून घाम फुटायची गोष्ट. बाहेर रुसैलचं ऊन तापलेलं, त्यामुळे सगळे आतच, गारव्याला असणार होते. एक गमबुटांच्या रॅकखाली सापडला. एक सिक्युरिटीच्या प्रार्थनेच्या गालिच्याशेजारी बसला होता. एक चक्क मशीनच्या प्लास्टिकमध्ये शिरला होता. अर्बाब नेहमीप्रमाणे मशीनला थोपटायला गेले आणि मशीन आतून हललं. त्यांची हाक सगळ्या रुसैलला ऐकू गेली असेल.

सगळे सापडले. साहेब सापडला नाही. तेवढ्यात शेफ आंद्रे आले.

उंच, हसरा माणूस. त्याच्यावर राग धरवत नव्हता. मीटिंग रूममध्ये सोफ्यावर बसून, कॉफीचा कप हातात घेऊन ते मला समजावू लागले. मी, अर्बाब, सावंत आणि नांग्यांचे नमुने घेऊन आलेले हनीफभाई ऐकत होतो.

"मॅडम, तुमची काळजी मी समजू शकतो. पण खेकड्याला यात काहीच वाटत नाही. नखं कापण्यासारखं आहे हे. आपण नखं कापतो, परत येतात."

"नखं कापल्यावर आपण जेवू शकतो, शेफ," मी म्हटलं.

अर्बाबनी माझ्याकडे बघितलं. मी कॉफी प्यायले.

आणि सोफ्याखालून साहेब बाहेर आला. तिरका, सावकाश, एकुलती एक नांगी छातीशी धरून.

आंद्रेंना आनंदाचं भरतं आलं. "बघा! हाच पुरावा! एक नांगी गेली, तरी किती तजेलदार! ये, ये मित्रा," म्हणत ते वाकले आणि मागून धरायचं सोडून त्यांनी हात पुढून घातला.

किंकाळी ऐकून पॅकिंगच्या बायका धावत आल्या. साहेबानं आंद्रेंचं बोट धरलं होतं. आंद्रे खोलीभर नाचत होते आणि हाताला खेकडा लटकत होता.

"सोडवा! मोडा ती! मोडा ती नांगी!"

"शेफ, हात पाण्यात बुडवा, तो आपोआप सोडेल," मी ओरडत होते.

हनीफभाई शांतपणे म्हणाले, "कशाला घाबरायचा? नखा कापण्यासारखाच हाय ना?"

शेवटी साहेबानंच निर्णय घेतला. टक असा आवाज झाला. तो सांध्यातून नांगी सोडून खाली पडला आणि पुन्हा सोफ्याखाली निघून गेला. नांगी आंद्रेंच्या बोटावर तशीच घट्ट राहिली. खेकडे असं करतात. आम्ही ती पक्कडीनं उघडली. सावंतांनी ती रुमालात घेतली आणि अदबीनं शेफपुढे धरली.

"सर, ही एक मात्र त्यानं राजीखुशीनं दिलीय. हिच्यावर तुमचं वाक्य छापायला हरकत नाही."

बोट तुटलं नव्हतं, पण सुजलं चांगलंच. बँडेज बांधून झाल्यावर आंद्रे टाकी बघायला आले. हसणं थोडं कमी झालं होतं, हट्ट नव्हता झाला. "मॅडम, मला फक्त एक सांगा. तुम्ही सही करणार की नाही?"

अर्बाब माझ्या शेजारी उभे होते. कढीपत्ता आठवला. खरं सांगते, क्षणभर वाटलं, करून टाकावी. खेकडा काही कोर्टात जात नाही.

साहेबाला आणून पाण्यात सोडलं होतं. समोर माशाचा तुकडा होता. तो आपले नसलेले हात पुढे करून तुकड्याकडे येत होता आणि थांबत होता. मला बघवेना. मी चिमटा उचलला, तुकडा त्याच्या तोंडाशी नेला आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "हा घास चिऊचा..."

"ये क्या बोला?" अर्बाबनी विचारलं.

माझे कान तापले. "आमच्याकडे लहान मूल जेवत नसलं की असं म्हणतात. एक घास चिमणीचा, एक कावळ्याचा."

"रोज करती हो?"

"सकाळ संध्याकाळ. नाहीतर मरतात. नांगीशिवाय त्यांना नीट खाता येत नाही." मग मी आंद्रेंकडे वळले. "शेफ, 'काही खेकडे जगतात' एवढ्यावर मी सही करेन. 'इजा न होता' यावर नाही करणार. काय व्हायचं ते होवो."

अर्बाब टाकीवर वाकले. साहेबानं तो घास खाल्ला. दुसऱ्याला तोंड फिरवलं. मी परत पुढे केला. अर्बाबना पाच मुलं आहेत.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "समंदर में इसको कौन खिलाएगा?"

आंद्रे बोटाचं बँडेज नीट करायला लागले. प्रश्न मालकानं विचारला होता, त्यामुळे तो टाळताही येत नव्हता.

"खलास," अर्बाब सरळ उभे राहिले. "पूरा केकडा लेना है तो लो. आधा नहीं बेचेगा."

आंद्रे रुसून गेले आणि बोटाची सूज उतरल्यावर परत आले. आता ते पूर्ण खेकडे नेतात. आम्ही ते आधी बर्फात बधिर करतो आणि मग एका झटक्यात मारतो. यात जास्त नीती आहे का, मला माहीत नाही. खेकड्याला विचारलं तर तो दोन्हीला नकोच म्हणेल. पण लेबलवर 'खेकडा' लिहिलेलं असतं आणि डब्यात खेकडा असतो. माझ्या सहीची हद्द तेवढीच आहे. हनीफभाईंना वजन भरून मिळतं, त्यामुळे त्यांचा धर्मही सुखरूप आहे. मशीनमध्ये आम्ही कोळंबी उकडतो. माझा व्हिसा रिन्यू झाला. कढीपत्त्याला नवी कुंडी आली.

साहेब टाकीतच राहिला. काही महिन्यांनी त्यानं कात टाकली, म्हणजे जुनं कवच सोडलं, आणि त्याला दोन इवल्याशा नांग्या फुटल्या. नवं कवच कडक झालं त्या दिवशी त्यानं माझ्या हातातला चिमटा ओढला. मला इतका आनंद झाला की मी घरी फोन करून सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, कोण साहेब?

आता ऑफिसात कुणी नवी स्कीम आणली, चकचकीत प्रेझेंटेशन दाखवलं, की अर्बाब शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग एवढंच विचारतात, "और बाद में कौन खिलाएगा?" नव्या लोकांना काही कळत नाही. जुने सगळे माझ्याकडे बघतात. मी खाली मान घालून टाकीचं झाकण नीट बसलंय का, ते बघायला जाते.